‘लीज वाढवून देतो’ : नाशिकच्या ठोक पॅकेजात काय मिळतं आणि काय राहून जातं

सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, कोर्टाभोवतीच्या टायपिंगच्या टेबलांपासून सिडकोतल्या त्रिमूर्ती चौकातल्या इस्टेट एजंटच्या काचेपर्यंत एक ओळ हमखास दिसते : लीज वाढवणे, ट्रान्स्फर, एनओसी, सर्व कामे एकाच ठिकाणी. दर ठोक सांगतात. टोकन आधी, बाकी दस्त झाल्यावर. हे परीक्षण कुणा एका दुकानाचं नाही, या पॅकेजचंच आहे. फ्लॅट किंवा रो-हाउस पट्ट्याच्या, म्हणजे लीजच्या, जमिनीवर आहे आणि कर्ज, विक्री किंवा वारसनोंदीच्या वेळी मुदतीचा प्रश्न निघाला आहे, अशांसाठी.

आमचं मत आधीच सांगतो. पॅकेजात साधारण चार कामं एकत्र बांधलेली असतात : टायटल सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध), दस्ताचा मसुदा, मुद्रांक शुल्क ठरवून घेणं आणि फाईल घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर जाणं. पहिल्या तिन्हींना डोकं लागतं, तिथे पैसे द्यावेत. चौथ्याला फक्त सुट्टी लागते. ठोक दरात नेमकं चौथं काम फुगवलेलं असतं आणि पहिल्या तिन्हींवर घाईने हात फिरवलेला असतो. म्हणून कोटेशन मागताना चारही कामांचे आकडे वेगळे लिहून मागा. जो देत नाही, त्याच्याकडे पुढचा प्रश्न विचारायची गरज नाही.

चांगला माणूस ओळखायचा कसा? तो पहिला प्रश्न विचारतो : जमीन कुणाची? बाकीचे विचारतात : किती वर्षं वाढवायची?

नाशिकमध्ये ‘लीज’ या एका शब्दाखाली निदान सहा वेगळी प्रकरणं येतात. नवीन नाशिकच्या सहा योजनांतली सिडकोची घरं, मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे, अंबड या शिवारांतली : इथे पट्टा सिडकोकडून आणि बांधकामाची परवानगी महापालिकेकडून, म्हणजे दोन दारं. म्हाडाच्या वसाहती : इथे इमारतीखालची जमीन संस्थेला पट्ट्याने दिलेली असते, त्यामुळे मुदतवाढ एकट्या फ्लॅटधारकाची होतच नाही, संस्थेची होते. सातपूर-अंबडचे एमआयडीसीचे भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्यावर, बहुतांश उद्योगांचे. जिल्हाधिकाऱ्यांनी गृहनिर्माण संस्थांना पट्ट्याने दिलेली सरकारी जमीन : तिथे नूतनीकरणाबरोबरच रूपांतरण नियमांखाली भोगवटादार वर्ग-१, म्हणजे पूर्ण मालकीसारखी धारणा, करून घेण्याचाही रस्ता असतो, आणि बऱ्याचदा तोच शहाणपणाचा. पाचवा प्रकार देवळाली कॅम्प. सहावा, मंदिर किंवा इतर सार्वजनिक न्यासाच्या किंवा खासगी मालकाच्या जमिनीवर पट्ट्याने उभी राहिलेली इमारत, पंचवटीच्या बाजूला अशा जागा विचारात येतात.

यातल्या शेवटच्या दोघांवर जरा थांबायला हवं, कारण पॅकेजवाले इथेच सर्वांत जास्त घसरतात.

देवळालीत छावणीच्या जमिनीचे पट्टे १९३७ च्या कॅन्टोन्मेंट लँड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नियमांतल्या अनुसूचींप्रमाणे असतात. त्यातल्या आठव्या अनुसूचीचा बांधकामाचा पट्टा ३० वर्षांचा आणि दोनदा नूतनीकरण होऊन जास्तीत जास्त ९० वर्षांपर्यंत जाणारा. म्हणजे तिसरी तिशी चालू असेल, तर ‘वाढवून देतो’ या वाक्याला त्या पट्ट्यात आधार नाही. त्याहून मोठी गफलत ‘ओल्ड ग्रँट’ची. तो पट्टाच नव्हे. जमीन सरकारची, वरचं बांधकाम धारकाचं, आणि मुदत असा प्रकारच नाही. जी मुदत नाही ती वाढवणार कशी? जनरल लँड रजिस्टरचा उतारा, म्हणजे जीएलआर, हातात येईपर्यंत देवळालीच्या कुठल्याही कामाला टोकन देऊ नका.

न्यासाच्या जमिनीचं वेगळं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ३६ : बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीसाठी ही मर्यादा दहा वर्षांची. मुदतवाढही यातच येते. विश्वस्त ओळखीचे आहेत, ठराव करून देतील, शिक्का मारून देतील, हे सगळं खरं असू शकतं. पण परवानगीशिवायचा तो ३० वर्षांचा दस्त पुढे बँकेच्या वकिलापुढे टिकत नाही. पॅकेजात ‘धर्मादायची परवानगी’ ही ओळ नसेल, तर सगळ्यांत अवघड काम त्यातून वगळलं आहे असं समजा.

आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांमधली भाडेपावती? ती पागडी असो वा साधं भाडं, ते प्रकरण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं. त्याला लीज एक्स्टेंशन म्हणून कुणी पैसे मागत असेल तर नमस्कार करून निघावं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून

या धंद्यातली सगळ्यांत महाग चूक इथे होते. बिल्डरने जमीन पट्ट्याने घेतली, इमारत बांधली, फ्लॅट विकताना करारात ‘९९ वर्षे’ लिहिलं. मूळ जमिनीच्या पट्ट्याचे समजा २२ वर्षंच उरले असतील, तर फ्लॅटच्या करारातल्या ९९ ला अर्थ नाही. ज्याच्याकडे स्वतःलाच २२ वर्षं आहेत, तो दुसऱ्याला त्याहून जास्त देऊ शकत नाही. तरीही एजंट फ्लॅटच्या करारालाच पुरवणी जोडून देतात, कारण त्या कागदावर सही करायला बिल्डरचा माणूस सहज मिळतो. दस्त नोंदतो, सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, इंडेक्स टू) छापून येते, गिऱ्हाईक खूश. दुय्यम निबंधक टायटल तपासत नाहीत. नोंदणी झाली म्हणजे हक्क मिळाला असं होत नाही.

म्हणून आधी मूळ पट्टा काढा. पट्टेदार म्हणून त्यावर कुणाचं नाव आहे ते पाहा : बिल्डर, संस्था की मूळ वाटपधारक. संस्था असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि अर्ज संस्थेचा. बिल्डरचंच नाव राहिलं असेल तर आधी पट्ट्याचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) संस्थेकडे व्हायला हवं. बिल्डर टाळत असेल तर मोफा, म्हणजे फ्लॅट-मालकीच्या, कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज. पट्ट्याच्या जमिनीत मालकी नव्हे, पट्ट्याचे हक्क संस्थेकडे येतात, आणि आदेशात तसेच शब्द यायला हवेत.

नाशिकची एक खासियत इथे आडवी येते. पुण्या-मुंबईत सोसायट्या, तर आपल्याकडे १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या ‘अपार्टमेंट’ भरपूर. तिथे डीड ऑफ डिक्लरेशन आणि प्रत्येकाचं डीड ऑफ अपार्टमेंट असतं, जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत प्रत्येकाच्या नावावर. मग मुदतवाढीच्या कागदावर अध्यक्ष-सचिवाची सही पुरत नाही. सगळ्या अपार्टमेंटधारकांच्या सह्या, नाहीतर सगळ्यांनी एकाला दिलेलं नोंदणीकृत मुखत्यारपत्र. १६ फ्लॅटमधले दोघे परदेशात आणि एकाचे वारस भांडत असतील, तर काम तिथेच अडतं. हे पहिल्या बैठकीत सांगणारा सल्लागार चांगला. सहाव्या महिन्यात सांगणारा कसा, ते आम्ही लिहीत नाही.

मुदतवाढ की नूतनीकरण

बोलताना दोन्ही एकच. कागदावर नाही. मुदतवाढ म्हणजे जुना पट्टा जिवंत असताना पुरवणी दस्ताने त्याचीच मुदत पुढे नेणं. नूतनीकरण म्हणजे मूळ करारात तशी अट असेल तर नवा पट्टा. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये हा फरक स्पष्ट केलेला आहे. नूतनीकरणाच्या अटीला बहुधा सूचनेची मुदत चिकटलेली असते : संपण्याच्या अमुक महिने आधी, लेखी, नोंदणीकृत टपालाने. ती चुकली की हक्क जातो आणि उरते ती विनंती. म्हणून त्या नोंदणीकृत टपालाची (आरपीएडी) पोचपावती मूळ पट्ट्याला टाचून ठेवा.

मुदत संपून गेली आणि मालकाने भाडं घेणं चालूच ठेवलं, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ११६ प्रमाणे राहत्या घराच्या बाबतीत तो पट्टा महिन्या-महिन्याचा होतो, ९९ वर्षांचा नव्हे. ‘भाडं भरतोय ना, मग लीज चालूच आहे’ हे वाक्य पॅकेजवाल्याच्या तोंडून ऐकलं तर त्याचं वाचन तपासा.

मुदत नेमकी कधी संपते, हेही मोजावं लागतं. एक उदाहरण. पट्ट्यात लिहिलं आहे : ‘दि. १ एप्रिल १९८४ पासून ९९ वर्षे’. बहुतेक जण ३१ मार्च २०८३ म्हणतील. कलम ११० सांगतं, ज्या दिवसापासून मुदत सुरू तो दिवस मोजायचा नाही आणि वेगळं ठरलेलं नसेल तर शेवटचा वाढदिवस पूर्ण धरायचा, म्हणजे १ एप्रिल २०८३ चा दिवसही आत. एका दिवसाने काय बिघडतं? पुरवणी दस्तात वाढीव मुदत चुकीच्या तारखेला सुरू झाली की जुन्या-नव्यात एका दिवसाची फट पडते किंवा दोन्ही एकमेकांवर चढतात, आणि छाननी करणाऱ्या वकिलाला नेमकं तेच दिसतं. त्यात वाटपपत्राची तारीख, ताब्याची तारीख आणि पट्ट्यावर सही झाल्याची तारीख या तिन्ही वेगळ्या असतात. मुदत कुठल्या तारखेपासून, ते करारातून उचला, वाटपपत्रातून नाही.

जाता जाता : इंटरनेटवर इंग्रजीत ‘लीज एक्स्टेंशन’ शोधलं की ८० वर्षांच्या आत येऊ देऊ नका, ९० वर्षं वाढवून मिळतात, असं भरपूर वाचायला मिळतं. ते इंग्लंड-वेल्सचं. तिथे १९९३ च्या कायद्याने फ्लॅटच्या पट्टेदाराला तो हक्क दिला. आपल्याकडे तसा सरसकट हक्क नाही. करारात अट असेल तर, नाहीतर पट्टा देणाऱ्याच्या धोरणावर. काही माहितीपत्रकांत ते ९० वर्षांचं वाक्य जसंच्या तसं मराठीत उतरलेलं असतं. त्यावरून माहितीपत्रकाची पारख होते.

सर्च : इथे पैसे द्या

नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राच्या सूची २००२ पासूनच्या दिसतात. सिडकोचे जुने पट्टे आणि पहिल्या विक्रीचे व्यवहार त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणजे ‘ऑनलाइन ३० वर्षांचा सर्च’ म्हणून मिळणाऱ्या अहवालातली सुरुवातीची वर्षं कुणी पाहिलेली नसतात. दुय्यम निबंधक कार्यालयात शोध फी भरून सूचीची जुनी पुस्तकं चाळावी लागतात. अहवालात कोणत्या वर्षाची कोणती सूची प्रत्यक्ष पाहिली, कोणती पानं फाटलेली निघाली आणि शोध फीच्या चलनाचा क्रमांक काय, एवढं असेल तर सर्च झाला. नसेल तर छपाई झाली.

सर्चसोबत मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). ऑनलाइन डिजिटल सहीची मिळते, ती स्वतः काढा, त्यासाठी माणूस लागत नाही. तिच्यावरचा सत्ताप्रकार आणि धारक या दोन जागा वाचा. सातबारा चालू असेल तर भोगवटादार वर्ग-१, वर्ग-२ की शासकीय पट्टेदार, आणि इतर हक्कांत काय लिहिलं आहे ते. जुना सर्व्हे नंबर, सिडकोचा सेक्टर-प्लॉट क्रमांक आणि महापालिकेच्या घरपट्टीचा क्रमांक यांचा एकमेकांशी मेळ लागत नाही, हे नवीन नाशिकमध्ये नेहमीचं. तिन्ही क्रमांक एका ओळीत मांडून देणारा वकील मिळाला तर त्याची फी कमी करायला जाऊ नका.

आधीच्या व्यवहारांच्या साखळीत काय सापडतं? बहुतेक वेळा मुखत्यारपत्र. ऐंशी-नव्वदच्या दशकात हस्तांतरण शुल्क वाचवायला घरं नोटरीच्या सौदापावतीवर आणि जनरल मुखत्यारपत्रावर विकली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अशा व्यवहाराने मालकी जात नाही हे पक्कं केलं. वर, मुखत्यारपत्र देणारा गेला की ते संपतं. म्हणजे आज घरात राहणाऱ्याने कितीही घरपट्टी भरली असली तरी सिडकोच्या दप्तरी पट्टेदार तो मूळ वाटपधारकच, आणि मुदतवाढीचा अर्ज त्याचा किंवा त्याच्या वारसांचा. आधी वारस, मग हस्तांतरण, मग मुदत. क्रम उलटवून देतो म्हणणारे असतात. उलटत नाही.

वारसांच्या बाबतीत तलाठ्याकडची वारसनोंद आणि न्यायालयाचा वारस दाखला यांत गल्लत होते. दाखला दिवाणी न्यायालयातून, १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळतो. बाकीच्या भावंडांचं हक्कसोडपत्र हवं असेल तर ते नोंदणीकृत. स्टॅम्पपेपरवरची ‘ना हरकत’ आणि नोटरीचा शिक्का हे हक्कसोडपत्र नव्हे.

आणखी एक अडथळा घराच्या भिंतीवरच दिसतो. मूळ एका खोलीच्या घरावर दोन मजले चढलेले, पुढे दुकानाचं शटर. वाढीव बांधकाम आणि वापरबदल हा पट्ट्याच्या अटींचा भंग. फाईल पाहणीला गेली की अभियंत्याच्या अहवालात ते येतं आणि ना हरकत दाखला तिथे थांबतो. थकलेले सेवाशुल्क आणि लीज रेंट हा त्यामानाने साधा आजार. चलन भरून पावती फाईलला लावली की बरा होतो.

मुद्रांक : ठोक दराचा खरा खेळ

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूची १ मधला अनुच्छेद ३६ पट्ट्यांचा आहे. मुदतीप्रमाणे बाजारमूल्याच्या ठरावीक टक्क्यांवर अनुच्छेद २५, म्हणजे खरेदीखताच्या दराने शुल्क : पाच वर्षांपर्यंत १० टक्के, दहा वर्षांपर्यंत २५, २९ वर्षांपर्यंत ५० आणि २९ च्या पुढे ९० टक्के.

आकड्यात पाहू. बाजारमूल्य ४०,००,००० धरलं आणि दर समजायला सोपा म्हणून ६ टक्के. ३० वर्षांचा दस्त : ४० लाखांचे ९० टक्के ३६ लाख, शुल्क २,१६,०००. २९ वर्षांचा दस्त : ५० टक्के म्हणजे २० लाख, शुल्क १,२०,०००. एका वर्षाचा फरक ९६,००० रुपये. हे सांगून फी वसूल करणारे आहेत आणि गणित त्यांचं बरोबरच आहे. पण ‘२९ वर्षे आणि पुढे आणखी २९ वर्षांच्या नूतनीकरणाचा हक्क’ असं लिहिलंत तर अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणाप्रमाणे नूतनीकरणाची मुदतही याच पट्ट्यात मोजली जाते आणि तुम्ही ५८ वर्षांवर, म्हणजे ९० टक्क्यांत जाता. मुदतवाढीसाठी भरलेलं अधिमूल्य (प्रीमियम) आणि आगाऊ रक्कमही मोबदला म्हणून धरली जाते, ते वेगळंच. आणि निव्वळ शुल्क वाचवायला २९ घेतले तर काही वर्षांनी पुढच्या गिऱ्हाइकाच्या बँकेला मुदत अपुरी वाटेल. आधीची किती वर्षं शिल्लक आहेत ते मिळवून मग ठरवा.

बाजारमूल्य कशाचं, हा त्याहून मोठा प्रश्न. रेडी रेकनरमधल्या (सरकारी बाजारमूल्य दरपत्रकातल्या) फ्लॅटच्या दराने, की पट्टा जमिनीचा म्हणून जमिनीच्या दराने? शिवाय १९९५ च्या बाजारमूल्य निश्चितीच्या नियमांतल्या नियम ४(६) मध्ये, शासकीय किंवा निमशासकीय संस्थेने पूर्वनिश्चित किमतीला विकलेल्या किंवा वाटप केलेल्या मिळकतीसाठी तीच किंमत खरं बाजारमूल्य धरण्याची तरतूद आहे. तुमच्या दस्ताला ती लागते की नाही, यावर शुल्क कितीतरी पटींनी हलू शकतं. पॅकेजवाला रेडी रेकनर उघडतो, फ्लॅटचा दर टाकतो, आकडा सांगतो. त्याला तोच सोपा.

यावर उपाय अभिनिर्णय. कलम ३१ खाली सह्या करण्याआधीच मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे देऊन किती शुल्क लागेल ते ठरवून घ्यायचं. सोबत मूळ पट्टा, पट्टा देणाऱ्याचं मंजुरीपत्र, मिळकत पत्रिका, क्षेत्राचा नकाशा. अर्जात कोणता अनुच्छेद आणि कोणता नियम लागतो हे आपणच मांडायचं, नाहीतर मूल्यांकन नेहमीच्या साच्यात बसवलं जातं. यात वेळ जातो, म्हणून एजंटांना हे आवडत नाही. पण कमी शुल्क भरल्याचं नंतर निघालं तर फरकाच्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड बसतो. सात-आठ वर्षांनी विक्रीच्या वेळी ते निघालं की एजंटाचा फोन लागत नाही, एवढं नक्की.

शुल्क ग्रास प्रणालीवर ई-चलनाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खात्यातून भरा. रोख देऊन ‘आम्ही भरतो’ हे नको. आणि पट्टा देणाऱ्या कार्यालयाने मसुदा मंजूर करून सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव कळवेपर्यंत चलन काढू नका. न वापरलेल्या शुल्काचा परतावा मागायला खरेदीपासून सहा महिने असतात. फाईल एका टेबलावर अडकली, अधिकारी बदलला, सहा महिने उलटले, की ते पैसे गेले.

मसुदा आणि दस्ताचा दिवस

पुरवणी दस्त दोन-तीन पानांचा असतो आणि म्हणूनच त्यात निष्काळजीपणा होतो. आम्ही त्यात काय पाहतो : मूळ पट्ट्याचा दस्त क्रमांक, कार्यालय, तारीख. जुनी मुदत संपण्याची तारीख आणि नवी संपण्याची तारीख, दोन्ही तारखा म्हणून, ‘इतकी वर्षे’ म्हणून नव्हे. भुईभाडं किती आणि किती वर्षांनी कोणत्या सूत्राने वाढणार. ‘महामंडळ वेळोवेळी ठरवील त्याप्रमाणे’ हे शब्द मिळतातच, ते काढता येत नाहीत. पण खासगी मालक किंवा न्यास असेल तर तिथे आकडा लिहून घेता येतो, घ्याच. गहाण ठेवण्याची मुभा, हस्तांतरणाची अट, पुनर्विकासाची मुभा. मूळ पट्ट्याच्या बाकी अटी कायम राहतील हे वाक्य. आणि परिशिष्ट : चतुःसीमा, क्षेत्र चौरस मीटरमध्ये. जुन्या कागदांत चौरस फूट, नव्यात मीटर, मध्ये कुणीतरी बिल्टअपचा कार्पेट केलेला. परिशिष्टातली ही चूक पुढे चूक दुरुस्तीपत्राशिवाय निघत नाही आणि त्यालाही पट्टा देणाऱ्याची सही लागते, म्हणजे पुन्हा तीच वारी.

घर गहाण असेल तर मूळ कागद बँकेत आणि बँकेची लेखी संमती आधी लागते. हे पॅकेजात कुणी धरत नाही.

नोंदणी स्वतः करण्यासारखी आहे. पब्लिक डेटा एंट्री घरी भरता येते, ती काळजीने भरा, कारण सूची क्रमांक २ तिच्यातूनच तयार होते. टोकन, आधार, पॅन, दोन ओळखदार, चलन. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त हजर करायचा. त्यानंतर कारण देऊन आणखी चार महिने, नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंडासह. त्यापुढे दार बंद. एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा नोंदवलाच पाहिजे, तेव्हा ‘नोटरी करून देतो, स्वस्तात पडेल’ हा पर्याय नाही. न नोंदवलेल्या कागदाने मुदत वाढत नाही.

काही जण ‘थांबा, फ्री होल्ड होणारच आहे’ (म्हणजे पट्ट्याची जमीन मालकीची होणार) असं सांगून फाईल धरून ठेवतात, काही त्याच नावाने वेगळे पैसे घेतात. दोघांकडेही शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख मागा आणि तो तुमच्या योजनेला लागू आहे असं कुठल्या परिच्छेदात लिहिलं आहे ते दाखवायला सांगा. दाखवला तर उत्तम, मग मुदतवाढीवर खर्च करण्याआधी त्याचाच हिशेब करा.

गुण द्यायचेच तर सिडकोच्या सरळ फाईलला, मूळ वाटपधारक हयात, बांधकाम नकाशाप्रमाणे, थकबाकी नाही, पॅकेजची गरजच नाही. वकिलाकडून सर्च आणि मसुदा, बाकी स्वतः. मुखत्यारपत्राची साखळी, वारसांचा घोळ किंवा अपार्टमेंटधारकांच्या विखुरलेल्या सह्या असतील तर धावपळीसह पूर्ण सेवा घ्यावी, पाचपैकी साडेतीन. न्यासाची जमीन आणि देवळाली यांच्यासाठी ठोक पॅकेज शून्य. तिथे त्या विषयातला वकीलच.

पैसे टप्प्याने द्या : सर्च अहवाल हातात आल्यावर, मसुदा पट्टा देणाऱ्याकडून मंजूर झाल्यावर, दस्त नोंदल्यावर. शेवटचा हप्ता मात्र राखून ठेवा. सूची क्रमांक २ मिळाली की त्याच दिवशी नावं, क्षेत्र आणि मुदत ताडून पाहा, मग नगर भूमापन कार्यालयात नोंदीचा अर्ज करून पोच घ्या. मिळकत पत्रिकेच्या नव्या उताऱ्यावर वाढीव मुदतीची नोंद दिसली की तो हप्ता सोडा.